रहस्यकथा माळ्यावर नेऊ नका: आपल्या वाचनालयाच्या ग्रंथ समितीला खुलं पत्र

समितीतल्या सगळ्या काका-काकूंना, ताई-दादांना,

स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर तुम्ही जी सूचना लावलीत ती मी तिथेच उभी राहून दोनदा वाचली, घरी येऊन नवऱ्याला सांगितली, मग भिशीतल्या मैत्रिणींना सांगितली, आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात चालूच आहे. तुम्हाला एकेकाला गाठून बोलण्यापेक्षा सगळ्यांसमोर लिहिलेलं बरं, कारण हा माझ्या एकटीचा प्रश्न नाही, वडोदऱ्यात राहून मराठी वाचणाऱ्या सगळ्यांचाच आहे.

सूचनेत लिहिलंय की दिवाळीनंतर पुस्तकांची नवी मांडणी होणार. पुढच्या हॉलमधल्या काचेच्या कपाटांत 'साहित्य' राहणार आणि रहस्यकथा, भयकथा, गूढकथा, विज्ञानकथा आणि 'हलकेफुलके वाचन' हे सगळं आतल्या खोलीतल्या माळ्यावर जाणार, 'मनोरंजन' अशी पाटी लावून. नवीन खरेदी फक्त पहिल्या विभागासाठी होणार. आणि वर्षातल्या उत्तम वाचकाला आपण जे बक्षीस देतो त्यात माळ्यावरची पुस्तकं मोजणार नाहीत.

हे कशातून आलंय ते मला कळतं. जागा कमी पडते, पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल येते, ती दोन कपाटं हलवावीच लागणार, आणि हवं ते पुस्तक सापडत नाही अशी ज्येष्ठ सभासदांची तक्रार मीही गेली बावीस वर्षं ऐकतेय. त्यामुळे नवी मांडणी करूच नका असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की पुस्तकाच्या पाठीवर तुम्ही जी पट्टी चिकटवता ती वाचकाला जागा तर दाखवतेच, पण हे पुस्तक कसं वाचायचं, त्यात काय शोधायचं हेही सांगून टाकते, आणि बऱ्याच वेळा ते चांगलं की वाईट याचा निकाल पहिलं पान उघडायच्या आधीच लावून ठेवते. हे मी स्वतः बघितलंय म्हणून इतक्या ठामपणे लिहितेय.

आमची दांडिया बाजारात पुस्तकभिशी आहे, अकरा बायका, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो. या जूनमध्ये मी आपल्या वाचनालयातून एक कथासंग्रह आणला होता, पाठीवर काळी पट्टी, म्हणजे आपल्या पद्धतीत भयकथा. त्यातल्या एका कथेतली बाई घरात एकटी असते, नवरा सतत फिरतीवर, आणि रोज दिवेलागणीला तिला स्वयंपाकघरातून कुणीतरी भांडी लावत असल्याचा आवाज येतो. बस, एवढीच कथा. वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. वाचनालयात त्याच्या दोन प्रती होत्या म्हणून मी दुसरीही माझ्या नावावर घेतली, एका प्रतीला ब्राऊन पेपरचं कव्हर घातलं, आतलं नावाचं पानसुद्धा झाकलं, आणि दोन्ही प्रती भिशीत दोन वेगवेगळ्या मैत्रिणींना दिल्या. एकीला काळ्या पट्टीची, एकीला ब्राऊन पेपरची.

काळी पट्टीवाली पुढच्या महिन्यात आली ती चिडूनच. म्हणाली, अगं शेवटपर्यंत भूतच येत नाही, त्या भांड्यांच्या कथेत तर काहीच होत नाही, फसवणूक आहे ही. ब्राऊन पेपरवाली जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली की ही कथा वाचताना मला माझ्या सासूबाई आठवल्या, सासरे गेल्यावर त्या रोज संध्याकाळी दोन कप चहा करायच्या आणि आम्ही सगळे बघून न बघितल्यासारखं करायचो. कथा तीच, पानं तीच. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आणि तिसरी एक मैत्रीण, जी काळ्या पट्टीचं पुस्तक हातातही घेत नाही कारण 'मला नाही बाई झेपत', तिने ब्राऊन पेपरवाली प्रत मागून नेली आणि एका रात्रीत संपवली. यात कुणी हुशार कुणी कमी असं काही नाही. भुताची वाट बघत बसलं की एकटेपणाकडे लक्षच जात नाही, एवढंच आहे ते.

हे आपल्याला रोजच्या जेवणात बरोबर कळतं हो. माझी नणंद पुण्याहून पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला हौसेने सेवउसळ खायला नेलं आणि पहिल्या घासालाच ती म्हणाली, ही कसली मिसळ, मटकी कुठे आहे, फरसाण कुठे आहे. मी म्हटलं, ही मिसळ नाहीच, वाटाण्याची सेवउसळ आहे, आमच्याकडची वेगळी चीज आहे, वरून तर्री घे, कांदा घे आणि मग सांग. तिने दुसरी प्लेट मागवली. मिसळ म्हणून खाल्ली असती तर ती आयुष्यभर पुण्यात सांगत राहिली असती की बडोद्याला मिसळ वाईट मिळते. पुस्तकांच्या बाबतीत हे असं सारखं होतं, फक्त तिथे 'ही मिसळ नाही' म्हणून सांगायला शेजारी कुणी बसलेलं नसतं. एमएस युनिव्हर्सिटीत मराठीत एमए करताना आम्हाला याउस या जर्मन अभ्यासकाचा एक विचार शिकवला होता, अपेक्षांचं क्षितिज, म्हणजे वाचक पुस्तकाकडे कोरा येतच नाही, आधीच्या वाचनातून तयार झालेल्या अपेक्षा घेऊन येतो आणि त्यांच्या मापानेच पुस्तक मोजतो. तेव्हा मी तो परीक्षेपुरता पाठ केला होता. खरा कळला तो त्या ब्राऊन पेपरमुळे.

आता तुम्ही म्हणाल की कादंबरी ती कादंबरी आणि प्रवासवर्णन ते प्रवासवर्णन, त्यात एवढं काय. तर आपल्याच कपाटातलं उदाहरण देते. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ सालचं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण शाळेत पाठ करतो. नाव वाचून वाटेल नदीकाठची सहल असेल, प्रत्यक्षात यमुना ही एक तरुण बाई आहे, ती नवऱ्याबरोबर फिरते आणि वाटेत तिला विधवांचे जे हाल दिसतात त्याचं ते पुस्तक आहे, खुद्द लेखकाने शीर्षकात पुढे 'अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' असं जोडलंय. म्हणजे पहिल्या कादंबरीलाच एका नावात मावता आलं नव्हतं, ते प्रवासही आहे, गोष्टही आहे आणि समाजाची पाहणीही आहे. आणि त्याच १८५७ मध्ये वरसईचे विष्णुभट गोडसे घरच्या कर्जापायी चार पैसे मिळवायला उत्तरेकडे निघाले, बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत हे ऐकून, आणि बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीच्या वेढ्यात आत अडकले. त्यांचं 'माझा प्रवास' १९०७ साली छापून आलं. आपल्याकडे ते प्रवासवर्णनात आहे, युरोप टूरच्या पुस्तकांना खेटून. मी मागच्या आठवड्यात जाऊन मुद्दाम बघितलं, पाठीमागच्या तारखेच्या कागदावर गेल्या नऊ वर्षांत तीन शिक्के आहेत. ज्याला १८५७ बद्दल वाचायचंय तो इतिहासाच्या कपाटाशी जातो, तिथे हे नाही. ज्याला फिरण्याचं वाचायचंय तो हे उघडतो आणि त्याला हॉटेलं, देवळं, निसर्ग काही सापडत नाही, तोफगोळे आणि लूट सापडते, तो ठेवून देतो. झाशीची राणी डोळ्यांनी बघितलेल्या एका मराठी भिक्षुकाचं पुस्तक आपण चुकीच्या कपाटात ठेवून गप्प करून टाकलंय, आणि हे कुणीही वाईट हेतूने केलेलं नाही.

आपण वडोदऱ्यातले लोक तर दोन भाषांच्या मध्ये वाढलोय, आपल्याला हे इतरांपेक्षा लवकर कळायला हवं. मी गुजराती मीडियमला होते. शाळेत 'नवलकथा' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं चमत्काराच्या, आश्चर्याच्या गोष्टी असणार, कारण घरच्या मराठीत नवल म्हणजे आश्चर्य. करण घेलो म्हणजे १८६६ सालची गुजरातीतली पहिली नवलकथा असं बेन शिकवत होत्या आणि मी मनात जादूची वाट बघत होते, आणि आलं ते गुजरातच्या राजाचं राज्य बुडाल्याचं. घरी आज्जी त्याच प्रकाराला कादंबरी म्हणायची. कादंबरी तर बाणभट्टाच्या संस्कृत ग्रंथातल्या नायिकेचं नाव, एका मुलीचं नाव मराठीने उचलून अख्ख्या प्रकाराला दिलं. हिंदीच्या तासाला तेच उपन्यास. एकाच गोष्टीला तीन दारं आणि प्रत्येक दारातून आत जाताना मनात वेगळं काहीतरी तयार. तेव्हापासून मला नावं ही फार ताकदवान गोष्ट वाटते.

आणि आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा मुद्दा. माझा धाकटा भाऊही गुजराती मीडियमलाच. घरात मराठी बोलायचा पण वाचायचा नाही, देवनागरी फक्त हिंदीच्या तासापुरती, मराठीचा एक परिच्छेद वाचायला त्याला दहा मिनिटं लागायची आणि बाबांना त्याचं फार वाईट वाटायचं. बाबांनी त्याला सगळं देऊन बघितलं, संस्कारकथा दिल्या, थोरांची चरित्रं दिली, काही चाललं नाही. मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्याच वाचनालयातून त्याला बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार सापडला, मग काळा पहाड. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, आणि आपल्याकडे होत्या तेवढ्या त्याने त्या सुट्टीत आणि पुढच्या सुट्टीत संपवल्या, दुपारभर जिन्यात बसून. मग नारायण धारपांच्या भयकथा. मग दहावीच्या सुट्टीत तो स्वतःहून दया पवारांचं 'बलुतं' घेऊन आला आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही. आज तो अहमदाबादला असतो, मुलांशी मराठी बोलतो, मला मराठीत लांबलचक मेसेज लिहितो. त्याची मराठी कशी राहिली असं कुणी विचारलं तर मी सरळ सांगते, रहस्यकथांनी राखली. आपल्या गावात, जिथे गुजराती मीडियमच्या मराठी पोराला मराठी अक्षर शाळेत भेटतच नाही, तिथे तुम्ही जे माळ्यावर टाकायला निघाला आहात ते आपलं पुढचं दार आहे. बारा वर्षांचा मुलगा शिडी चढून 'मनोरंजन' मागायला जाणार नाही. त्यातून त्याला कळलं की हे वाचलेलं बक्षिसात मोजत नाहीत, तर तो हेच शिकेल की आपल्याला जे आवडतं ते वाचन नाहीच.

'बलुतं' म्हटल्यावर अजून एक. १९७८ चं ते पुस्तक आपल्याकडे 'दलित आत्मकथन' अशा पट्टीखाली आहे. ती ओळख लढून मिळवलेली आहे, तिला मी हात लावत नाही, ती नसती तर कित्येकांना ही पुस्तकं सापडलीच नसती. पण भिशीत जेव्हा आम्ही ते घेतलं तेव्हा सगळ्या जणी फक्त काय सोसलं यावर बोलल्या, किती वाईट, किती अन्याय. ते खरंच आहे. पण त्या पुस्तकाची रचना बघा की, दगडू मारुती पवार आपली हकीकत सांगतोय आणि ऐकणारा दया पवार, म्हणजे एकाच माणसाचे दोन तुकडे एकमेकांसमोर बसवलेत, खेड्यातला महारवाड्यातला दगडू आणि शिकलेला शहरी लेखक. हे किती धाडसी लेखन आहे! हेच एखाद्या 'प्रायोगिक कादंबरी' अशी पट्टी लावलेल्या पुस्तकात असतं तर आपण तासभर त्याच्या रचनेवरच बोललो असतो. पट्टीने आम्हाला साक्ष ऐकायला बसवलं आणि लेखकाकडे बघायचं राहून गेलं.

ऐतिहासिक कादंबरीचं तर विचारूच नका, तिथे पहिला शब्द सगळे ऐकतात आणि दुसरा कुणाच्या कानात शिरतच नाही. पानिपतावर दमाजीराव गायकवाड होते आणि परत आले हा इतिहास आहे, पण ते परतताना कुणाला काय म्हणाले हे कादंबरीकाराने लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे गणपतीच्या मंडपात त्या संवादांवरून माणसं पुरावा दिल्यासारखी भांडतात. मी अशी दोन घरं बघितली आहेत जी एका कादंबरीतल्या वाक्यावरून एकमेकांशी बोलेनाशी झाली.

आणि हे उलट्या बाजूनेही होतं बरं का. 'साहित्य' ही पट्टीसुद्धा पुस्तकाचं नुकसान करते. माझ्या भाचीला मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाच वाच म्हणून दोन वर्षं मागे लागले होते, तिने आपल्या काचेच्या कपाटातली 'अभिजात' अशी सोनेरी पट्टी बघितली आणि लांबच राहिली, तिला वाटलं उपदेश असणार. शेवटी आजारपणात घरी पडून होती तेव्हा उघडलं आणि दुसऱ्या खोलीत मला तिच्या हसण्याचा आवाज येत होता. नंतर मला म्हणते, मावशी, हे इतकं विनोदी आहे हे मला कुणी सांगितलं का नाही? काय उत्तर देणार. सोनेरी पट्टीवर विनोद लिहिलेला नसतो. आणि ज्याच्यावर विनोदी लिहिलेलं असतं तिथे दुसरंच. आपल्या गावात एका नाटकाच्या जाहिरातीत 'धमाल विनोदी' छापलं होतं, मी गेले होते, दुसऱ्या अंकात म्हातारा बाप मुलाला सांगतो की तुझ्या आईचे दागिने मी विकले, आणि अख्खं थिएटर हसलं. नट क्षणभर थांबला. हसायला आलेली माणसं होती, त्यांना जाहिरातीने हसायलाच बोलावलं होतं, त्यांचा तरी काय दोष.

जयंत नारळीकरांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती स्वतःच्या नावाने नाही, नारायण विनायक जगताप या नावाने, आपलीच आद्याक्षरं उलटी करून. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. एवढा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ, पण त्यांना कथेचा निकाल कथेवरून लागायला हवा होता, नावाच्या पट्टीवरून नको होता. त्याच नारळीकरांना साहित्य अकादमी मिळाली २०१४ मध्ये, आणि ती त्यांच्या आत्मचरित्राला. विज्ञानकथांसाठी ज्यांना घराघरात वाचतात त्यांच्या बाबतीतही मान मिळायला पुस्तक 'आत्मचरित्र' असावं लागलं, याने मला वाईट वाटतं. २०२१ ला ते नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आपल्याच वाचनालयात आपण अभिनंदनाचा ठराव केला होता, मी हात वर केला होता, तुम्हीही केला होता. आता त्यांच्या विज्ञानकथा माळ्यावर नेताना तो ठराव आठवा.

मला हेही माहितीये की तुमच्यापैकी काही जण म्हणतील, शास्त्रीय पद्धतीने वर्गवारी करायची तर हे करावंच लागतं. नाही हो, करावं लागत नाही. वाचनालयांत पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ ला आणि मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३ ला, त्यात रहस्य वेगळं आणि सामाजिक वेगळं असं नसतं, धारप आणि खांडेकर एकाच आकड्याखाली शेजारी बसतात. त्या पद्धतीच्याही अडचणी आहेत, महाभारतावरची पुस्तकं तिथे २९४.५९२३ मध्ये म्हणजे धर्मात जातात, मग इरावती कर्वे यांच्यासारख्या मानववंशशास्त्र शिकवणाऱ्या बाईंचं 'युगान्त', ज्याला १९६८ मध्ये साहित्य अकादमी मिळाली, ते पोथ्यांच्या शेजारी जाऊन बसू शकतं. सांगायचं हे की कुठलीही पद्धत पूर्ण नसते, पण वरचं आणि खालचं असा भेद त्या आकड्यांमध्ये नाही, तो आपण आपल्या मनाने घालतोय.

आणि आपण हे वडोदऱ्यात करतोय! ज्या गावात सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतली वाचनालयं बघून आल्यावर १९१० मध्ये तिथून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून घेतलं, त्याने आपल्यासाठी वेगळी वर्गीकरणाची पद्धत बसवली, राज्यभर मोफत वाचनालयं उभी राहिली, आणि जिथे वाचनालय नव्हतं त्या खेड्यांत लाकडी पेट्यांमधून पुस्तकं पाठवली गेली. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन बघा, पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा म्हणून. लहानपणी बाबा मला तिथे घेऊन जायचे आणि मी त्या काचेवर पाय ठेवायला घाबरायचे. एका बाजूला कुठलंच पुस्तक अंधारात राहू नये म्हणून जमीन काचेची करणारी माणसं, आणि आपण ओल आलेल्या खोलीच्या माळ्यावर, जिथे दिवसासुद्धा बॅटरी लागते, तिथे पाच-सहाशे पुस्तकं चढवणार आहोत. मला हे लिहितानाही त्रास होतोय.

पट्ट्या काढून टाका असं मी अजिबात म्हणत नाहीये, हे परत एकदा सांगते कारण मागे एका काकांशी बोलताना त्यांचा तोच गैरसमज झाला. रात्रीच्या ट्रेनला निघालेल्या माणसाला रहस्यकथा हवी असेल तर ती दोन मिनिटांत सापडलीच पाहिजे. ज्यांना भीतीचं वाचून झोप लागत नाही त्यांना आधी कळलंच पाहिजे. माझ्या शेजारच्या आजी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर फक्त हलकं काहीतरी मागतात, त्यांना मी कुठून देणार जर विभागच नसेल. वाचक आपली आवड घेऊन येतो आणि ती आवड चुकीची नसते. पट्टी हवी, पण ती पाठीवर ओरडणारी नको आणि एकच नको.

म्हणून माझं मागणं असं आहे. सगळ्या कथा-कादंबऱ्या एकाच हॉलमध्ये, लेखकाच्या आडनावाने लावा. रंगीत पट्टी पाठीवरून काढून आतल्या बाजूला, तारखेच्या कागदाच्या शेजारी लावा, म्हणजे ज्याला बघायचीय तो बघेल. जुन्या लाकडी कार्डांच्या कपाटात, जे आता रिकामं पडलंय, एका पुस्तकाची दोन-तीन कार्डं करा, 'माझा प्रवास' प्रवासवर्णनातही आणि १८५७ मध्येही, 'युगान्त' महाभारतातही आणि वैचारिकमध्येही, 'स्मृतिचित्रे' आत्मचरित्रात तर हवंच, विनोदातही एक कार्ड टाका. माळ्यावर न्यायचंच असेल तर ज्यांच्या चार-चार प्रती आहेत आणि दहा वर्षांत कुणी नेलेल्या नाहीत त्यांतल्या जास्तीच्या न्या, मग त्या कुठल्या का प्रकारच्या असेनात. खरेदीचे पैसे वाटताना मागणीचं रजिस्टर उघडून बसा, त्यात विज्ञानकथांची मागणी किती आहे ते तुम्हीच लिहून ठेवलंय. आणि बक्षिसाला सगळी पुस्तकं मोजा. हे तर पहिलं करा, यंदाच्या यंदा, कारण मुलांनी नावं दिलेली आहेत आणि त्यातला निदान एक मुलगा, मला माहितीये, फक्त धारप वाचतोय.

काम वाढेल हे मान्य. कार्डं लिहायला आमच्या भिशीतल्या सात जणी तयार आहेत, रविवारी सकाळी नऊ ते बारा, कार्डांचा आणि पट्ट्यांचा खर्चही आम्ही करू. एकीचा मुलगा कॉम्प्युटरवर यादी करून द्यायला तयार आहे. कपाटं हलवायला माणसं लागतील, ती तुम्ही बघा.

त्या कथासंग्रहाची ब्राऊन पेपरची प्रत अजून आमच्याकडेच फिरतेय, दर पंधरा दिवसांनी मी ती माझ्या नावावर रिन्यू करतेय. येत्या रविवारी घेऊन येते आणि तुमच्या टेबलावर ठेवते. कव्हर काढू नका, नावाचं पान उघडू नका, समितीतल्या कुणीतरी एकाने ती भांड्यांची कथा वाचा, पान ६१ वर आहे. मग सांगा कुठल्या कपाटात ठेवायची.

आपली,
दांडिया बाजारातली एक सभासद
वडोदरा